४६ पोरं आली, १२ उरली: कला केंद्राची नोंदणी आधी का पोरं आधी?

शहाद्याच्या एका भाऊंनी विचारलंय की जूनमध्ये त्यांनी खोली भाड्याने घेऊन ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी चित्रकला, नाटक, गाणं असं मोफत केंद्र सुरू केलं, रोज संध्याकाळी ५ ते ८. पहिल्या महिन्यात ४६ मुलं होती, आता ऑक्टोबरात १२ उरलीत, १३ वर्षांच्या वरचं एकही नाही. आणि मग प्रश्न तीन: संस्थेची नोंदणी कशी करायची, अनुदान कुठून मिळतं, फी घ्यावी का नाही.

भाऊ, मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी असंच केंद्र १८ वर्षांपासून चालवतेय. तिन्हींची उत्तरं खाली देतेच, पण तुमचा खरा प्रश्न त्या तिन्हीत नाहीये. तो त्या ४६ आणि १२ च्या ओळीत आहे, जी तुम्ही नुसती माहिती म्हणून सांगून पुढे गेलात. उद्या नोंदणी झाली आणि कुठल्या कंपनीने दोन लाख दिले तरी तुम्ही मोठी खोली घ्याल, रंग आणाल, आणि पोरं १२ च राहतील. मीही सुरुवातीची दोन वर्षं कागदांच्या मागेच धावत होते म्हणून सांगते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगून टाकते. तुमची खोली कुठल्या वस्तीत आहे, पोरं चालत येतात का सायकलवर, तुमच्यासोबत एखादी बाई आहे का सगळं तुम्ही एकटेच बघता, आणि मुलं कोणाची आहेत, नोकरदारांची, दुकानदारांची, शेतमजुरांची का पाड्यावरून शिकायला येऊन राहिलेली. यातलं एक जरी बदललं तरी माझं अर्धं उत्तर बदलतं. त्यामुळे खालचं वाचताना तुमच्या गावाशी जुळतं तेवढंच घ्या.

पहिली गोष्ट, ऑक्टोबर महिन्यात कोणत्याही केंद्राचा हिशोब करायचा नाही, निदान आपल्या खान्देशात तरी नाही. सहामाही परीक्षा असते, नवरात्रात नऊ दिवस संध्याकाळी गरबा असतो आणि तुमच्याकडे तर गुजरात लागूनच, तिथे ५ ते ८ या वेळेत कोण येणार. कापूस वेचणी सुरू झालेली असते आणि घरातली १२-१३ वर्षांची पोरं सुट्टीच्या दिवशी शेतात असतात, नाहीतर आईबाप शेतात म्हणून धाकट्यांना सांभाळत घरी. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं निघतात, ती होळीच्या आसपास परत येतात. म्हणजे ३४ पैकी सगळे काही सोडून गेलेले नाहीत, काही फक्त लांबलेत, आणि हे दोन वेगळे गट आहेत. हजेरीचं रजिस्टर घ्या (नसेल तर आजपासून घाला, साधी शंभर पानी वही पुरते) आणि प्रत्येक नावापुढे शेवटचा आलेला दिवस लिहा. ऑगस्टमध्येच थांबलेलं पोरगं तुमच्यामुळे थांबलंय. सप्टेंबरच्या शेवटी थांबलेलं बहुतेक घरच्या कामामुळे. दुसऱ्या गटाची जास्त काळजी करू नका, तो परत येतो, फक्त तो आला तेव्हा तुमचं दार उघडं पाहिजे.

दार उघडं पाहिजे हे मी खूप शब्दशः म्हणतेय. मीही आठवड्याचे सहा दिवस जाहीर केले होते. कधी लग्न, कधी तालुक्याला काम, कधी ताप, महिन्यातून चार-पाच दिवस कुलूप असायचंच. एका बुधवारी मी उशिरा संध्याकाळी तिथून सहज गेले तर तिसरीतली एक मुलगी पायरीवर बसलेली, मांडीवर स्टीलचा डबा, त्यात तिचे दोन ब्रश आणि पेन्सिल. म्हणाली ताई, मला वाटलं तुम्ही येशाल. ती किती वेळ बसली होती ते मी विचारलंच नाही, माझी हिंमतच झाली नाही. ती त्यानंतर दोनदा आली आणि मग बंद. मला कोणी ओरडलं नाही, कोणी तक्रार केली नाही, पोरं तक्रार करत नाहीत, नुसती यायची थांबतात. त्या महिन्यात आम्ही सहाचे तीन दिवस केले आणि तेव्हापासून आजपर्यंत ते तीन दिवस पाळलेत, पाऊस असो का कोणाचं लग्न असो. मला जमत नसेल तर दुसरं माणूस चावी घेऊन जातं, शिकवायला कोणी नसेल तर नुसती खोली उघडते आणि पोरं आपापलं काढत बसतात. तुम्ही एकटे असाल तर आठवड्यातून दोनच दिवस ठेवा, पण ते दोन दिवस पक्के.

वेळेचं बघा. ५ ते ८ ही वेळ तुम्ही तुमच्या नोकरीच्या सोयीने ठेवली असेल, समजू शकते. पण दिवाळीनंतर सहाच्या सुमाराला अंधार पडतो आणि १३-१४ वर्षांच्या मुलीला आठ वाजता एकटी घरी येऊ देणारं घर आपल्याकडे फार थोडं. ती मुलगी कंटाळून गेलेली नसते, तिला घरून बंद झालेलं असतं आणि ते ती तुम्हाला सांगणार नाही. आम्ही हिवाळ्यात शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी ८ ते ११ करतो. उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा सकाळी ७ ते साडेनऊ, त्याच्यानंतर पत्र्याखाली पोरांना बसवणं चुकीचंच आहे. रविवार सकाळ ही माझ्या अनुभवात मोठ्या मुलांची सगळ्यात चांगली वेळ, कारण तेव्हा ट्यूशनही कमी असतात आणि घरचे पण सोडतात.

आता १३ च्या वरचे का येत नाहीत ते, कारण माझ्या मते तुमच्या केंद्राचं सगळं भवितव्य यावर आहे. लहान पोरं कुठेही येतात, रंग दिसला की बसतात. मोठी पोरं टिकली तर केंद्र टिकतं, कारण चार वर्षांनी तीच तुमची माणसं होतात.

कारण एक तर सरळ आहे, ६ ते १७ एका खोलीत. सात वर्षांचं पोरगं शेजारी हात बरबटवतंय आणि पंधरा वर्षांचा मुलगा त्याच्याजवळ बसून तेच फुलपाखरू रंगवतोय, तो दुसऱ्या दिवशी येईल का? त्याला बालवाडीत बसवल्यासारखं होतं. गट वेगळे करा, दहाच्या आतले, दहा ते तेरा, आणि तेराच्या वरचे. जागा एकच असली तरी वेळ वेगळी ठेवा.

दुसरं कारण जरा आतलं आहे. साधारण दहा-बारा वर्षांपर्यंत मूल चित्र काढतं आणि खूश होतं. मग एक दिवस त्याचं त्यालाच दिसायला लागतं की आपला घोडा घोड्यासारखा नाहीये. हात तिथेच असतो आणि नजर पुढे गेलेली असते. त्या वयात पोरं "मला नाही येत" म्हणायला लागतात, आमच्याकडे "माले नही येस". त्याला आळस समजू नका, लाज असते ती. आणि आपण नेमकं त्याच वयाच्या पोराला वर्गात सगळ्यांसमोर पेन्सिल देऊन काढ म्हणतो. मी खूप वर्षं हेच केलं आणि म्हणायचे की आजकालच्या मोठ्या पोरांना मोबाईलशिवाय काही नको.

ते बदललं ते चाळीसगावमुळे. चाळीसगावला केकी मूस यांचं घर आणि त्यांचं काम जपून ठेवलेलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ते इंग्लंडला कला शिकून आलेले मोठे छायाचित्रकार आणि चित्रकार, आयुष्यातली जवळपास पन्नास वर्षं ते चाळीसगावच्या आपल्या बंगल्याबाहेर फारसे पडलेच नाहीत, १९८९ ला तिथेच गेले. घरात टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यावर उजेड पाडून ते अशी दृश्यं टिपायचे की बघणाऱ्याला खरंच वाटावं. टेबल टॉप फोटोग्राफी म्हणतात त्याला. आम्ही नऊ मुलांना घेऊन पॅसेंजरने गेलो होतो, परत येताना डब्यात सगळे गप्प, आणि मग एक पोरगी म्हणाली ताई, हे तर आपल्याकडेही होईल.

पुढच्या रविवारी आम्ही ते केलं. एक जुना पाट, त्यावर काळं रेक्झिन, खडेमीठ पसरलं, कोणाच्या तरी शेतातून पऱ्हाटीची वाळलेली काडी आणून मातीच्या गोळ्यात उभी केली, मागे निळी साडी टांगली. खिडक्यांना पोती लावून अंधार केला. आमच्याकडे एक मुलगा होता, म्हणजे येत नव्हता, बहिणीला सोडायला यायचा आणि दाराबाहेर गाडीला टेकून उभा राहायचा, तीन आठवडे मी बघत होते. त्याला मी म्हटलं, "टॉर्च धर ना भो जरासा." तो आत आला. आधी मी सांगत होते वर धर, थोडं इकडे, आणि मग त्याने माझं न ऐकता टॉर्च एकदम खाली, पाटाच्या कडेला टेकवून आडवी धरली. त्या काडीची सावली सगळ्या मिठावर लांब पसरली, प्रत्येक खड्याच्या मागे एक एक सावली, आणि तो पाट एकदम उजाड माळ दिसायला लागला, संध्याकाळचा. खोलीत कोणी काही बोललं नाही. त्या मुलाने टॉर्च हलवली नाही, हात दुखेपर्यंत हलवली नाही, तीन मोबाईलवर फोटो काढून होईपर्यंत.

तो मुलगा पुढे पाच वर्षं आमच्याकडे होता, नाटकांचे सगळे लाइट त्याने केले. मी त्याच्यावरून जे शिकले ते असं की मोठ्या पोराला "शिकायला ये" म्हटलं की तो लांब जातो, काम दिलं की जवळ येतो. त्याला "मला चित्रकला शिकायचीय" असं तोंडाने म्हणावं लागलं नाही, त्याचं चित्र कोणी बघून हसलं नाही, आणि त्याच्या हातातल्या वस्तूशिवाय सगळ्यांचं काम अडलेलं होतं. तुमच्या केंद्रात अशी कामं किती आहेत ते मोजा. ढोलकी कोण वाजवतं, पडदा कोण शिवतं, नाटकाच्या चिठ्ठ्या कोण लिहितं, कपाटाची चावी कोणाकडे आहे. आमच्याकडे सामानाच्या कपाटाची चावी नेहमी १४-१५ वर्षांच्या कोणाकडे तरी असते, वर्षाने बदलते, आणि १८ वर्षांत त्या कपाटातून एक कात्री सोडून काही गेलेलं नाही.

मोठ्यांसाठी छापकामही खूप चालतं, लिनो (कोरून ठसा काढायची मऊ शीट) घ्यायला पैसे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, त्यावर शाई लावा, छान ठसा उठतो. बाहुल्या, मुखवटे, नदीची माती, पथनाट्य, हे सगळं. ज्यात "हुबेहूब आलं का" हा प्रश्न येत नाही अशा गोष्टींनी सुरुवात करा, दोन-तीन महिन्यांनी तीच पोरं स्वतःहून पेन्सिल मागतात.

पालकांचं म्हणाल तर त्यांचा प्रश्न एकच असतो, "मना पोऱ्या चित्रं काढीसन काय करी?" आणि तो प्रश्न चुकीचा नाहीये, ज्याच्या घरी पाऊस नाही पडला तर वर्ष जातं तो हे विचारणारच. तिथे शासकीय रेखाकला परीक्षा कामी येतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. पेपर ठरलेले, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. गाण्याला, तबल्याला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिक, प्रवेशिका अशा चढत्या. बापाला कागद दिसला की तो आठवी-नववीच्या पोराला सोडतो. पण आठवड्यातला एकच तास याला द्या. मी एक वर्ष सगळं केंद्र परीक्षेच्या मागे लावलं होतं, निकाल फार चांगला लागला आणि परीक्षेच्या दुसऱ्या आठवड्यात खोली रिकामी, कारण पोरांच्या लेखी काम संपलं होतं. १० ते १४ वयाचं एखादं पोर खरंच गोडीने शास्त्रीय संगीत, नृत्य किंवा लोककला शिकत असेल तर केंद्र सरकारच्या सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची) शिष्यवृत्ती आहे तिचा अर्ज भरून बघा, त्यात परंपरेने कला करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, तुमच्या भागात अशी घरं आहेत.

यावरून भाषेचं बोलायलाच पाहिजे. तुमच्या १२ पोरांच्या घरी काय बोलतात? अहिराणी, भिली, पावरी, गुजरी? आणि नाटक तुम्ही कोणत्या भाषेत बसवताय? आमच्याकडे एक सहावीतली मुलगी चार महिने तोंड उघडत नव्हती, मी तिला झाडाचं, पडद्याचं काम द्यायचे. एकदा पोरांनी आपलं आपण सासू-सुनेचं भांडण अहिराणीत केलं आणि ती सासू झाली. "काय व माय" म्हणून जी सुरू झाली ती दहा मिनिटं थांबेना, हातवारे, पदर, सगळं. तिला बोलता येत होतंच, आम्ही तिला तिच्या नसलेल्या भाषेत बोलायला लावत होतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी टिपून ठेवली म्हणून त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तक निघालं. मी मोठ्या मुलांना हे सांगते आणि वही देते, जा, आजीला आखाजीची, गुलाबाईची, कानबाईची गाणी विचारून लिहून आणा, आज नाही लिहिली तर ती आजीबरोबर जातील. त्यातून आमची दोन नाटकं झाली. आणि ज्या पोराचं शाळेत बोलण्यावरून हसं होतं, त्याच्याकडे त्या दिवशी बाकीचे शब्द विचारायला येतात.

एक सावधगिरी मात्र ठेवा. अक्कलकुव्याकडची काठीची होळी तुम्हाला जवळ, मोरपिसांचे टोप, अंगावरचे ठिपके, कमरेचे भोपळे आणि घुंगरू, बघून कोणालाही वाटेल की गॅदरिंगला बसवूया. पण ते नवस फेडणाऱ्यांचं व्रत असतं, त्याचे नेम असतात. ज्यांचं आहे त्यांच्या घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय त्याचा ड्रेस करून स्टेजवर नेऊ नका. त्यांच्यातल्या एखाद्या आजोबांना केंद्रात बोलवा, ढोल वाजवू द्या, पोरांना सांगू द्या. आणि त्यांना मानधन द्या, नुसती शाल नको.

मानधनाचं निघालंच आहे तर पैशाकडे येते. फी घ्यावी का? आम्ही घेतो, महिन्याला ५० रुपये, आणि ज्याला जमत नाही त्याला कोणी विचारत नाही. एक डबा ठेवलाय, त्यात टाकायचे, कोण टाकतं कोण नाही हे मोठी मुलंसुद्धा बघत नाहीत. त्यातून खर्च निघत नाही, साधं वीजबिल निघतं. पण फुकट म्हटलं की आपल्याकडे "असंच काहीतरी" असं समजतात, आणि पन्नास रुपये दिलेली आई पोराला वेळेवर पाठवते. तुमच्याकडे बहुतेक मुलं मजुरांच्या घरची असतील तर हेही करू नका, तिथे फी म्हणजे दाराला कुलूप.

सामानावर फार खर्च होत नाही. गेरू, चुना, हळद, नीळ, रद्दी, छापखान्यातल्या कागदाच्या कडा, यावर आम्ही पहिली तीन वर्षं काढली. खरा खर्च शिकवणाऱ्या माणसाचा, आणि तो टाळू नका. सेवाभावी मुलं-मुली उत्साहाने येतात आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी लागते नाहीतर लग्न ठरतं, त्यांचा दोष नाही. पोरांना मात्र दर तीन महिन्यांनी नवीन ताई-दादा चालत नाहीत. एकच माणूस, थोडं पण नियमित मानधन, वर्षभर. मला जर कोणी पैसे दिले आणि एकाच गोष्टीवर खर्च कर म्हटलं तर मी यावरच करीन.

नोंदणी. महाराष्ट्रात साधारण पद्धत अशी की किमान सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास, दोन्ही नोंदणी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून होतात. कलम ८ ची कंपनी (कंपनी कायद्याखालची, नफा न वाटणारी) हाही मार्ग आहे पण तिची दरवर्षीची पूर्तता छोट्या केंद्राला जड जाते, सीएचा खर्चच झेपत नाही. सात जण निवडताना घरातलेच सात घालू नका, पुढे देणगीदार पहिलं तेच बघतात. एक सीए किंवा हिशोब कळणारा माणूस, एक-दोन पालक, निदान तीन बाया, आणि एखादी तुमच्याशी वाद घालू शकेल अशी व्यक्ती. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो, हे बहुतेक संस्था विसरतात आणि मग दहा वर्षांनी सही कोणाची चालते यावरून अडकतात. आमचं एकदा अडकलं होतं, बँकेचं खातं पाच महिने बंद, मानधन मी दागिने ठेवून दिलं.

त्यानंतर आयकराच्या नोंदणी, लोक ज्यांना १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणतात त्या. पहिल्यांदा तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळते, मग नियमित करून घ्यावी लागते, तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. देणगीदाराला सांगताना खरं सांगा, २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी असेल तर त्याला सवलत नाही, आणि ज्याने नवीन करप्रणाली घेतलीय त्याला ८०जी ची सवलतच नाही. म्हणून मी आता सवलतीच्या नावाने पैसे मागत नाही, पोरांचं काम दाखवून मागते. कंपन्यांच्या सीएसआरसाठी, म्हणजे त्यांच्या समाजकामाच्या निधीसाठी, याच्यावर सीएसआर-१ चा फॉर्म लागतो, आणि बहुतेक कंपन्या तीन वर्षांचं ऑडिट मागतात, म्हणजे आज नोंदणी केली तरी तिथपर्यंत पोचायला वेळ आहे. परदेशातून कोणी पाठवतो म्हणाला तर नीट विचारा. तिकडे राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस त्याच्या कमाईतून बँकेने पाठवत असेल तर चालतं, तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी निधी, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

तोपर्यंत काय? गाव. आमच्या खोलीला पंखे एका कापूस व्यापाऱ्याने दिले, सतरंज्या एका मंगल कार्यालयाने, आणि दरवर्षी हिवाळ्यात एक भरीत-पार्टी करतो, कळण्याच्या भाकरी पालक करून आणतात, पोरं नाटक करतात, त्या एका दिवशी वर्षाच्या रंगांचे पैसे जमतात. पैसा कमी असतो पण तो देणारा माणूस रोज रस्त्यात भेटतो आणि विचारतो, कसं चाललंय.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण मला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं. मुलांची सुरक्षितता. खोलीत मोठं माणूस एकटं कधीच नको, दोन पाहिजेत, त्यात एक बाई. दार उघडं. शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाची पोलिस पडताळणी, ओळखीचा असला तरी, आणि ओळखीचा असला तर जास्तच. मुलांना एकट्याला मेसेज, फोन, गाडीवर सोडणं, काही नाही, जे काय असेल ते पालकांच्या ग्रुपवर. फोटो टाकताना पालकांना विचारून. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं किंवा होऊ शकेल असं कळलं तर पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा आहे, "संस्थेचं नाव जाईल" हे कारण चालत नाही आणि चालूही नये. १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर पोरांच्या उंचीवर लिहा. आमच्याकडे एक पाहुणे शिक्षक यायचे, हाताला फार कला होती, पोरं त्यांच्यावर खूश. एका नववीतल्या मुलीने मला मोबाईल दाखवला, रात्री साडेदहा-अकराचे मेसेज, उघड वाईट काही नव्हतं, "झोपली का", "तू वेगळी आहेस" असं. आम्ही त्याच दिवशी त्यांना थांबवलं, तिच्या आईला घरी जाऊन सांगितलं, बाकीच्या सगळ्या पालकांना बोलावून सांगितलं. दोन महिने गावात बोललं गेलं आणि सहा मुली बंद झाल्या. पुढच्या वर्षी त्यातल्या पाच परत आल्या, त्यांच्या आयांनी आणून सोडल्या.

तर भाऊ, नोंदणीची फाईल दिवाळीनंतर काढा. या आठवड्यात ते ३४ पत्ते घेऊन घरी जा, सोबत एखाद्या बाईला न्या. आईबापाला "का पाठवत नाही" असं विचारू नका, ते लाजेने काहीतरी सांगतील. पोराला विचारा, तुझं अर्धं राहिलेलं चित्र ठेवलंय, पुरं करायला कधी येशील. आणि खरंच ठेवलेलं असू द्या, नाव घालून. जे पोर म्हणेल की शनिवारी येतो, त्याच्यासाठी शनिवारी दार उघडं ठेवा, एकटंच आलं तरी.

आणि मला एवढं कळवा: खोलीत संडास आहे का, उरलेल्या १२ मध्ये मुली किती, आणि तुमच्याबरोबर आठवड्यातले दोन दिवस नक्की देऊ शकेल असं दुसरं कोण आहे. मग नोव्हेंबरचं वेळापत्रक आपण बसून लावू.